अकराशे त्र्याण्णव तास

९ जून

कामाची वही वेगळी आहे. तिच्या पानांना क्रमांक आहेत आणि खाडाखोड चालत नाही. ही वही घरची. इथं चालेल.

आज मालकांनी परवानगी दिली. पेटीचा जुना प्रोग्रॅम बाजूला ठेवून मी नवा लिहायचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्या काचेच्या पेटीत ठेवतात ती आमचा कारखाना बनवतो. आत अंगठ्याच्या नखाएवढा प्रोसेसर असतो. त्याला सहा कामं: तापमान वाचणं, हीटर चालू-बंद करणं, पंखा, पडद्यावर आकडा दाखवणं, धोक्याची घंटा, दर तासाची नोंद. जुन्या प्रोग्रॅममध्ये ही कामं एकाच चक्रात एकामागून एक होतात. तो मीच लिहिला, दोन वर्षांपूर्वी. आता मला त्याखाली एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम हवी आहे. प्रत्येक काम स्वतंत्र. एक अडकलं तरी बाकीची पाच चालतील.

मालकांनी विचारलं, जुन्यात वाईट काय आहे? मी म्हटलं, वाढवायला अवघड जातं. ते म्हणाले, बघ बाई, तुझं तू. चौकशीचा कागद त्यांच्या टेबलावर काचेखाली होता. 'यंत्रात दोष आढळला नाही.'

फेब्रुवारीत सात नंबरच्या पेटीत माझ्या दादाचं बाळ होतं. मुलगा. बाराव्या दिवशी गेला. अंग गार पडलं होतं, असं कागदात आहे. कारण: मुळात अशक्त. हे एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही.

११ जून

सुरुवात जमली. दोन कामं, एक प्रोसेसर. एकाला मधेच थांबवायचं, त्याच्या हातात जे जे होतं ते जपून ठेवायचं, दुसऱ्याचं जपलेलं त्याच्या हातात द्यायचं आणि त्याला वाटू द्यायचं की मधे काही झालंच नाही. हे सेकंदाला हजार वेळा. बोर्डवर एक लाल आणि एक हिरवा दिवा लावला. दोघं आपापल्या गतीनं लुकलुकतात. दोघांनाही वाटतं, प्रोसेसर फक्त आपला आहे.

मेस्त्री बघायला आले. वायरिंग त्यांच्याकडे असतं, बावीस वर्षं. म्हणाले, "दोन दिवे लावायला दोन दिवस? मला सांगायचं होतं की ताई, दोन मिनिटांत लावले असते." आणि स्वतःच हसून गेले.

साडेसहाला मेन स्विच. शेजारच्या गाळ्यात एकदा आग लागली होती, तेव्हापासून मेस्त्री रोज स्वतःच्या हातानं सगळ्या कारखान्याची वीज तोडतात आणि मगच कुलूप लावतात. मालकांनाही सूट नाही. दिवे विझले. उद्या पुन्हा शून्यापासून.

१५ जून

उकाडा. घरी आले तर सगळ्या खिडक्या बंद. कोणी दार लोटलं की वहिनी उठून जाऊन बघते, नीट लागलं का. दादा म्हणाला, अगं, जीव गुदमरतोय, एक तरी उघड. ती म्हणाली, गार वारा येतो. वारा अजिबात नव्हता. माझ्या खोलीत तेहेतीस अंश होते.

पूर्वी ती मला इंजिनीअरबाई म्हणायची. 'इंजिनीअरबाई, हा नळ तुमच्या अभ्यासक्रमात होता का?' आता नावानं हाक मारते. कधीपासून, ते लक्षात नाही.

१९ जून

नव्या प्रोग्रॅमसाठी मी सात नंबरचाच बोर्ड घेतला आहे. चौकशी संपल्यावर ती पेटी वॉर्डातून परत आली आणि चाचणीच्या खोलीत पडून होती. दुसरा बोर्ड मागवता आला असता. त्याला पंधरा दिवस लागले असते.

पेटीत चाचणीसाठी बाळाच्या जागी एक किलो पाण्याची पिशवी ठेवतात. मेस्त्री तिला ठकी म्हणतात. 'ठकीला ताप आलाय का बघा' वगैरे. आज छत्तीस पूर्णांक चारवर पेटी दोन तास स्थिर राहिली. नोंद केली.

जेवून परत आले तेव्हा ठकीखाली घडी केलेलं मऊ फडकं होतं आणि ती थोडी कुशीवर केलेली होती. फडकं माझ्या खणातलं होतं. खोलीची किल्ली माझ्याकडेच असते, म्हणजे मीच ठेवलं असणार. ठेवल्याचं आठवत नाही. फडक्यानं उष्णता धरून राहते आणि मोजमाप चुकतं, म्हणून काढलं.

जुन्या नोंदी बोर्डच्या कायमच्या मेमरीत तशाच आहेत. वीज गेली तरी त्या जात नाहीत. नव्या प्रोग्रॅमला मी वेगळी जागा दिली, त्या पुसल्या जाऊ नयेत म्हणून. त्या वाचायचं काम यादीत आहे, सध्या नवव्या क्रमांकावर.

२४ जून

करायला काही नसेल तेव्हाही प्रोसेसरला कुठंतरी उभं राहावं लागतं. त्यासाठी एक रिकामं काम लिहितात. ते काहीच करत नाही, पण ते नसलं तर सगळी सिस्टिम कोसळते. मोजून पाहिलं. शंभरातले सत्त्याण्णव भाग वेळ प्रोसेसर त्या रिकाम्या कामातच असतो.

दादा हल्ली जेवला की खुर्चीत बसतो. टीव्ही नाही, मोबाइल नाही. मी विचारलं, काय करतोयस? म्हणाला, काही नाही, आहे.

२९ जून

आज घड्याळ. प्रोसेसरला वेळ कळत नाही. तो फक्त मोजतो. सेकंदाचा हजारावा भाग झाला की एक. त्या आकड्यावर सगळं चालतं: तापमान पुन्हा कधी वाचायचं, हीटरकडे पुन्हा कधी बघायचं.

हा काउंटर बत्तीस बिटांचा आहे. गाडीच्या मीटरसारखा तो कधीतरी भरतो आणि शून्यावर येतो. म्हणून 'ठरलेली वेळ गाठली का' असं विचारायचं नसतं, 'मागच्या वेळेपासून किती गेलं' असं विचारायचं असतं. वजाबाकी केली की मीटर उलटला तरी उत्तर बरोबर येतं. तसं लिहिलं. चाचणीही सोपी असते. काउंटर शून्याऐवजी भरायला पाच मिनिटं कमी असताना सुरू करायचा आणि बघत बसायचं. बसले. उलटला. सहाही कामं चालू राहिली.

जुन्यात मी वेगळ्या पद्धतीनं केलं होतं. का बदललं ते लिहायची गरज नाही.

४ जुलै

पहारेकरी लिहिला. प्रोसेसरमध्ये एक वेगळं घड्याळ असतं. त्याला दर सेकंदाला 'मी आहे' असं कळवावं लागतं, नाहीतर ते सगळं बंद करून पहिल्यापासून सुरू करतं. नव्यात सहाही कामांनी स्वतंत्रपणे हजेरी लावायची. एकानं जरी नाही लावली तरी पेटी पुन्हा सुरू होणार आणि घंटा वाजणार.

जुन्यात मुख्य चक्र फिरत असलं की पहारेकरी समाधानी. चक्र फिरतंय, हजेरी लागतेय, पण काम एकही होत नाही, अशी स्थिती येऊ शकते का? कागदावर येऊ शकते. प्रत्यक्षात कशी येईल ते दिसत नाही. पुढं गेले.

८ जुलै

संध्याकाळी वहिनी माझ्या खोलीत आली. ती सहसा येत नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, तुला एक विचारायचं होतं, कामाचं आहे. मग बराच वेळ माझ्या टेबलावरच्या वायरी बघत राहिली.

"ती झडप असते ना बाजूला, हात घालायची," ती म्हणाली. "किती वेळ उघडी राहिली तर चालते?"

मी सांगितलं, तीस सेकंदांपर्यंत फारसा फरक पडत नाही. त्यानंतर साधारण दोन अंश उतरतं. झडप लावली की हीटर सात-आठ मिनिटांत भरून काढतो.

"दोन अंश," ती म्हणाली. "तेव्हाही तू तेच म्हणाली होतीस."

म्हणाले असेन. फेब्रुवारीत, वॉर्डाबाहेरच्या बाकावर, सगळं झाल्यावर तिनं विचारलं होतं, असं कसं गार पडलं? मी शक्यता सांगितल्या होत्या. झडप हा पहिला मुद्दा होता, कारण यंत्राबाहेरचा तेवढाच मुद्दा होता.

"मी पाच-पाच मिनिटं ठेवायची हात," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी तर जास्तच."

मी म्हटलं, तो विचार आता करू नकोस. ती म्हणाली, करत नाही गं. जाताना दार लावून गेली, मग परत येऊन कडी नीट बसली का ते बाहेरून दाबून पाहिलं.

मला वाटतं तिला झोप नीट लागत नसावी. डॉक्टरांना दाखवायला हवं. दादाला सांगेन.

१२ जुलै

सहाही कामं नव्या सिस्टिमवर आली. आता सलग चालवून बघायला हवी. निदान दोन आठवडे, एकदाही बंद न करता. मेस्त्रींना सांगितलं की माझ्या खोलीची लाइन साडेसहाला तोडू नका.

त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. मग म्हणाले, बावीस वर्षांत एकदाही नाही, ताई. मालकांची चिठ्ठी आणा. आणली. त्यांनी ती दोनदा वाचली, खिशात घातली आणि माझ्या खोलीसाठी वेगळी वायर टाकायला घेतली. शिडीवरून म्हणाले, "आजवरची एकही पेटी इथं एका दिवसाच्या वर चालली नाही. सकाळी लावायची, संध्याकाळी मी मारायची. आणि वॉर्डात मेलं कोण बंद करतंय?"

मी म्हटलं, बाळ काढलं की बंद करत असतील.

"तुम्ही कधी बघितलंय?"

नाही बघितलं. बारा दिवस रोज गेले होते, पण मी आकडा बघत होते.

१७ जुलै

रजा टाकून वॉर्डात गेले. थोरल्या सिस्टरनी ओळखलं. चेहरा मऊ केला, मला ते नको होतं. तांत्रिक माहिती हवी आहे असं सांगितलं. पेट्या बंद कधी करता?

त्या म्हणाल्या, बंद कशाला करायच्या? एक बाळ निघालं की पुसून घ्यायची, तासाभरात दुसरं येतं. गार झालेली पेटी तापवायला वेळ कोणाला आहे? नवा जनरेटर आल्यापासून वीजही जात नाही. पूर्वी दिवसातून दोनदा जायची, तेव्हा पेट्या आपोआप बंद-चालू व्हायच्या.

सात नंबर कधी लावली होती? त्यांनी वॉर्डाचं रजिस्टर काढलं. चार जानेवारी, दुपारी तीन चाळीस. मालक स्वतः आले होते, पेढे वाटल्यासारखे सगळ्यांशी हात मिळवत होते, म्हणून लक्षात आहे. त्यानंतर एकदाही बंद नाही. थेट तेवीस फेब्रुवारीला, त्या दिवशी संध्याकाळी, तुमचं ते झाल्यावर.

अजून आमची एकच पेटी आहे तिथं, अकरा नंबर. ती भिंती रंगवताना हलवली होती. पुन्हा लावली तीन जूनला, संध्याकाळी सहाला. आत एक मुलगी आहे, अकराशे ग्रॅम. तिच्या पायाला चिकटवलेल्या पट्टीवर आईचं नाव होतं, तिला अजून स्वतःचं नाव नाही.

रजिस्टरमधल्या दोन्ही वेळा लिहून घेतल्या. बसमध्ये हिशेब केला नाही.

१८ जुलै

सकाळी सात नंबरच्या जुन्या नोंदी वाचल्या.

त्यांत तारीख नसते. चालू केल्यापासून कितवा तास, आणि तापमान. चौकशीवाल्यांनी शेवटची चोवीस पानं छापून घेतली होती. ती त्यांच्याच चाचणीची होती, पेटी पुन्हा चालू केल्यानंतरची, आणि त्यांत सगळं व्यवस्थित होतं. त्याच्या आधीची मी उघडली. १, २, ३ असं सुरू होतं. सगळीकडे छत्तीसच्या आसपास.

शेवटची नोंद: तास ११९३. तापमान ३६.४.

पुढं काही नाही.

बत्तीस बिटांचा काउंटर भरायला चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे शहाण्णव टिक, म्हणजे सेकंदाचे हजारावे भाग, लागतात. म्हणजे अकराशे त्र्याण्णव तास, दोन मिनिटं, सत्तेचाळीस सेकंद. चार जानेवारी तीन चाळीसपासून मोजलं की तेवीस फेब्रुवारी, सकाळी आठ बेचाळीस.

जुन्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक कामाची 'पुढची वेळ' मी चौसष्ट बिटांच्या मोठ्या खणात ठेवली होती. खबरदारी म्हणून. मोजणारा काउंटर मात्र बत्तीसचा. काउंटर भरला, शून्यावर आला. पुढची वेळ भरलेल्या आकड्याच्याही पलीकडं. चक्र दर फेरीला विचारत राहिलं, वेळ झाली का? नाही. वेळ झाली का? नाही. हीटर त्या क्षणी बंद होता, तो बंदच राहिला. घंटेचीही वेळ झाली नाही. पडद्यावर ३६.४ होतं, तेच राहिलं. चक्र फिरत होतं, म्हणून पहारेकऱ्याला हजेरी मिळत होती.

वॉर्डात फोन केला. सिस्टरना सांगितलं, अकरा नंबर बंद करा, दहापर्यंत मोजा, चालू करा. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, नेहमीची तपासणी. फोन चालू असतानाच त्यांनी केलं. मोठ्यानं मोजलं. अकरा नंबर तेवीस जुलैला सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी थांबली असती.

बाकीच्या बारा पेट्यांच्या वॉर्डांनाही फोन केले. सगळीकडे 'नेहमीची तपासणी'. एका ठिकाणी म्हणाले, आमच्याकडे रोजच वीज जाते हो, तक्रार करून थकलो.

१९ जुलै

खात्री करायला हवी होती. जुना प्रोग्रॅम सात नंबरमध्ये परत टाकला, काउंटर भरायला पाच मिनिटं ठेवून. ठकी आत. हीटर, पंखा, आकडा, सगळं नीट. पाच मिनिटं झाली. काहीही झालं नाही. कसलाच आवाज नाही, दिवा नाही. पंखा फिरत होता. पडदा म्हणत होता ३६.४.

मी वेगळा तापमापक आत ठेवला होता आणि दर दहा मिनिटांनी लिहीत गेले. एक तास अठ्ठेचाळीस मिनिटांनी हवा सत्तावीस अंश. पडदा ३६.४. एक तास अठ्ठेचाळीसच का, तर त्या दिवशी भेटायची वेळ साडेदहाला सुरू झाली होती. झडप उघडून हात घातला. गार लागला. म्हणजे हाताला कळतं.

पंखा बंद केल्यावरही बराच वेळ त्याची घरघर ऐकू येत होती. घरी येईपर्यंत.

२० जुलै

मालकांना सगळं दाखवलं. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

ते वाईट माणूस नाहीत. मला शिकाऊ म्हणून घेतलं तेव्हा माझ्याकडे फक्त मार्कशीट होती. म्हणाले, पेट्या बंद-चालू करून घेतल्यास, चांगलं केलंस. आता प्रत्येक वॉर्डात माणूस पाठवू, नवा प्रोग्रॅम टाकू, सुधारित आवृत्ती म्हणून. पुन्हा होणार नाही, हे महत्त्वाचं. मी विचारलं, आणि झालं ते? ते म्हणाले, चौकशी मिटलीय. ती उघडली तर कारखाना बंद, मेस्त्री रस्त्यावर, आणि त्या तेरा पेट्याही वॉर्ड काढून टाकतील. मग बाळं कशात ठेवणार, टोपलीत?

मग हळू आवाजात म्हणाले, "आणि तू घरी काय सांगणार आहेस? ज्या घरात जेवतेस त्याच घरात राहायचंय तुला."

त्यांचं म्हणणं मुद्द्याला धरून होतं.

२१ जुलै

आज सांगायचं ठरवलं होतं. वहिनी कपड्यांच्या घड्या करत होती. मी तिच्यासमोर बसून चार घड्या केल्या. ती म्हणाली, तुला जमत नाही, राहू दे. उठले.

सांगितलं तर काय बदलेल, याची यादी केली. बाळ: नाही. पेट्या: सुरक्षित झाल्याच आहेत. कारखाना: बंद. दादा: माहीत नाही. वहिनी: इथं काही लिहिता आलं नाही.

फेब्रुवारीत तिला मोठ्या दवाखान्यात जायचं होतं. मी म्हटलं होतं, कशाला, तिथं परदेशी पेट्या आहेत, बिघडल्या की महिनाभर माणूस येत नाही. इथली पेटी आमची आहे. प्रोग्रॅम माझा आहे. हे वाक्य मी लिहीत नव्हते. आज लिहिलं.

२३ जुलै

अकरा वाजून दोन मिनिटांनी मी वॉर्डात होते. काही होणार नव्हतं. काउंटर अठरा तारखेला शून्यावर आणला आहे, हे मला माहीत होतं. तरी गेले. काचेला तापमापक टेकवून उभी राहिले. ती मुलगी झोपली होती. अकरा दहापर्यंत थांबले.

निघताना थोरल्या सिस्टर म्हणाल्या, एक बोलू का, राग मानू नका. तुमच्या वहिनी येतात इथं.

मी म्हटलं, कधी?

दर मंगळवारी, म्हणाल्या. आत येत नाहीत. बाहेरच्या बाकावर, नव्या आया बसतात तिथं. त्यांच्याशी बोलतात. पहिल्यांदा बरं वाटलं आम्हाला, धीर देत असतील म्हणून. पण त्या सांगतात, पेटीत हात घालू नका. बाळाला हात लावू नका, लांबून बघा. अकरा नंबरची आई दहा दिवस पोरीला शिवलेली नाही. आम्ही सांगतो, अगं हात लाव, त्यानंच वाढतात, तर रडते. म्हणते, त्या ताईंचं बाळ हातानंच गेलं.

मी रिक्षेनं कारखान्यात गेले. पत्र लिहिलं. तेरा वॉर्डांना आणि चौकशी समितीला, प्रत्येकी एक. चूक काय, कोणी केली, कधी कळली, किती तासांनी होते, तोवर काय करायचं. सात नंबरच्या नोंदींची प्रत जोडली. सही केली. मालकांना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं नाही, घडी न मोडता परत दिलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, पाठव.

साडेसहाला मेस्त्री आले. एकोणीसच्या चाचणीनंतर पुन्हा लावलेली नवी सिस्टिम चार दिवस सलग चालू होती. म्हणाले, मेन मारू का? मी म्हटलं, माझी लाइन सोडून. ते म्हणाले, माहितीय हो.

२४ जुलै

दुपारी सांगितलं. दादा कामावर होता. वहिनी स्वयंपाकघरात ओटा पुसत होती. मी दाराशी उभी राहिले, ती जशी माझ्या दाराशी उभी होती तशी.

मी म्हटलं, "झडपेमुळे नाही झालं. माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक होती."

ती पुसत राहिली. मी क्रमानं सांगितलं. काउंटर, अकराशे त्र्याण्णव तास, हीटर, पडद्यावरचा आकडा. सोपं करून सांगितलं, पण वगळलं काही नाही. मोठ्या दवाखान्याचंही सांगितलं.

"कधी कळलं?" तिनं विचारलं.

"अठरा तारखेला."

"आज चोवीस."

"हो."

तिनं फडकं पिळलं, पसरून वाळत टाकलं. त्याची टोकं जुळवली. मग खाली बसली, ओट्याला पाठ टेकून, फरशीवर. मला बस म्हणाली नाही. मीही बसले नाही.

म्हणाली, पाच महिने मी ह्या हाताकडे बघतेय. भाजी चिरताना, केस विंचरताना. तू रोज समोर बसून जेवत होतीस.

मी हो म्हटलं. दुसरं काही खरं नव्हतं.

बराच वेळ गेला. किती, ते मोजलं नाही. मग तिनं विचारलं, किती वाजता बंद पडलं म्हणालीस?

"आठ बेचाळीस."

"मी साडेदहाला गेले. सिस्टर ओरडेपर्यंत हात आतच होता, त्याच्या पाठीवर. तो झोपला होता." ती थांबली. "म्हणजे मी गेले तेव्हा पेटी आधीच गार होती."

"हो."

"मग माझा हात त्याला गरम लागला असेल?"

ती मला धीर द्यायला सांगत नव्हती. माझ्याकडे बघत होती, आणि तिला उत्तर हवं होतं, यंत्राबद्दल विचारल्यासारखं. हाताच्या कातडीचं तापमान साधारण तेहेतीस असतं. पेटी तेव्हा सत्तावीसवर आलेली होती.

मी म्हटलं, "हो. लागला असेल."